उतरत्या पाण्याबरोबर

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ढगांचा एक पुंजका समुद्रावर उतरला, त्या सकाळी कुमुदिनी बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या नळावर भांडत होती. तिला त्या पुंजक्याची काय खबर असणार? आपल्या गल्लीत पाणी साडेसहाला येणार की आठला, एवढी साधी गोष्ट जिथं कुणी सांगत नाही, तिथं सात समुद्रांपलीकडच्या ढगाची बातमी कोण देणार? हंडा कमरेवर घेऊन ती घरात शिरली, तर तेजल मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली.

"आई, दादाच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा झालाय."

"कवरा लांब हाय?"

"लांब आहे अजून. आठवडा लागेल."

"मग लांबच ऱ्हाऊ दे त्याला. तू भात लाव."

दादा म्हणजे जयदेव, कुमुदिनीचा थोरला. वय सव्वीस. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये धर्मेशशेठच्या कपड्याच्या दुकानात चार वर्षं त्यानं गठ्ठे उचलले, गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडल्या. शेठच्या मेव्हण्याचं तिकडं अमेरिकेच्या खालच्या समुद्रात एका बेटावर दुकान होतं. घड्याळं, अत्तरं, गॉगल. मोठमोठी जहाजं लागतात, गोरे लोक उतरतात, खरेदी करून परत जहाजात चढतात. तिथं विश्वासाची पोरं हवी होती. शेठनं जयदेवला पाठवलं आणि त्याच्याबरोबर कॅम्प चारच्या भूपेशला. भूपेशही शेठसारखा सिंधी, पण शेठचा कुणी लागत नव्हता. त्याची आई चिमी घरात बसून जीन्सचे धागे कापायची. दोन्ही पोरांचे पासपोर्ट मेव्हण्यानं उतरल्या उतरल्या आपल्या कपाटात घातले. "संभालके रखता हूँ," म्हणाला. कसाईसुद्धा बोकडाला संभाळूनच ठेवतो.

त्या बेटाचं नाव कुमुदिनीच्या जिभेवर कधी बसलं नाही. घरात सगळे त्याला बेटच म्हणायचे.

ढगांचा पुंजका दोन दिवसांत गोल फिरायला लागला. तेजल उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती आईला चुलीपाशी बसून सांगायची, समुद्राचं पाणी तापलेलं असतं, त्याची वाफ वर चढते, ती वाफ खाऊन हे वाढतं. जितकं गरम पाणी, तितकं त्याचं पोट मोठं. आधी त्याला नुसता नंबर असतो. वारा एका हद्दीपलीकडं गेला की नाव देतात.

"वादलाला नाव?" कुमुदिनी म्हणाली. "बारसं करतात का काय?"

तिसऱ्या दिवशी बारसं झालं. मार्सेला. शेजारच्या जनीनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "कुमुदवैनी, तुमच्या जयदेवच्या मागं फॉरेनची बाई लागली गं. आथा बघा, सून आयतीच येते."

कुमुदिनीही हसली. तोवर हसण्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी तेजलनं मोबाइलवर चित्र दाखवलं. काळ्या समुद्रावर पांढरा भोवरा, आणि त्याच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक. भोवऱ्यापुढं एक पट्टा काढलेला, निमुळता सुरू होऊन पुढं रुंद होत जाणारा. "ह्या पट्ट्यात कुठंही जाऊ शकतं," तेजल म्हणाली. बेट पट्ट्याच्या कडेला होतं. संध्याकाळपर्यंत ते पट्ट्याच्या आत आलं. दुसऱ्या सकाळी बरोबर मध्ये. कुमुदिनीनं बोटानं ते चित्र बाजूला सारून बघितलं, जसं काही बोटानं सारलं की ते सरकणार होतं. वादळ सरकायचं सोडून बेटच पडद्याबाहेर गेलं. मग तिनं घाबरून परत जागेवर आणलं.

त्या दिवसापासून तिच्या तोंडाची चव गेली. भाकरी थापता थापता हात थांबायचा. नवरा राजेंद्र अंबरनाथ स्टेशनहून एमआयडीसीच्या कामगारांची रिक्षा मारायचा. जेवायला आला की टीव्ही लावायचा. टीव्हीवर कुठला पुढारी कुठल्या पुढाऱ्याला काय बोलला ते सकाळपासून चाललेलं. बातम्यांच्या पट्टीवर एकदा, एकदाच, 'कॅरेबियन बेटांना चक्रीवादळाचा इशारा' असं सरकत गेलं आणि त्याच्या मागोमाग बनियनची जाहिरात आली.

"बंद करा तो डबा," कुमुदिनी म्हणाली.

जयदेवचा फोन आला तेव्हा वादळ तीन दिवसांवर होतं.

"आई, शेठलोग निकल गये. मेव्हणा, त्याची बायको, पोरं, कुत्रा पण. मायामीला गेले विमानानं."

"आनि तुमी?"

"आम्हाला बोलला, दुकान बघा. वादळानंतर चोऱ्या होतात म्हणे. आम्ही वर राहतो ना, त्या खोलीत थांबायचं."

"आरं पन सरकारनं काय सोय केली नाय तिकडं?"

"शाळेत केली ना. सगळे तिकडंच चाललेत. मी विचारलं, तर बोलला, शाळेत गेलात तर परत कामावर येऊ नका. पासपोर्ट कपाटात आहेत, आई. चावी त्याच्याकडं."

कुत्रा विमानात बसून गेला. माणसं दुकान राखायला मागं ठेवली. कुमुदिनीनं तिथल्या तिथं उल्हासनगरला धर्मेशशेठला फोन लावला. शेठ जेवत होता. चावता चावता म्हणाला, "भाभी, घबराने का नहीं. पक्का स्लॅब है. मेरा साला पच्चीस साल से उधर है, ऐसे तूफान कितने देखे."

"तुमचा साला देखनेकू उधर रुका कायको नाय मग?"

शेठला ठसका लागला. फोन ठेवला गेला.

तिनं जयदेवला सांगितलं, जा शाळेत, पासपोर्ट गेला खड्ड्यात. पण जयदेव तिचाच पोरगा. मालकाचा माल म्हटला की जिवापेक्षा जपायचा, हे त्याला कुणी शिकवलं? आईबापानंच ना! आणि पुन्हा मालकानं हाकललं तर पासपोर्टाशिवाय त्या बेटावर तो कोण? तो थांबला. भूपेशही थांबला.

ज्या दिवशी वादळ बेटावर येणार, त्या दिवशी इथं बदलापुरात स्वच्छ ऊन पडलेलं. आपली सकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र, असा तो उलटा हिशेब कुमुदिनीच्या आता अंगवळणी पडला होता. साडेनऊच्या सुमाराला जयदेवचा मेसेज आला, 'सुरू झालं'. दहाला आणखी एक, 'पत्रे उडतायत समोरचे'. त्यानंतर सव्वादहाला त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तिघांनी डोकी जवळ आणून ऐकलं. माणसाचा आवाज त्यात नव्हताच. नुसती एक किंकाळी, रेल्वेच्या भोंग्यासारखी, पण न थांबणारी. मध्येच काहीतरी फुटलं आणि भूपेश 'अड़े' असं ओरडलेला ऐकू आला. तेवढंच.

राजेंद्र उठला. बसवत नाही म्हणाला आणि रिक्षा घेऊन गेला. तेजलचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"तू हितं बसून काय वादल थांबवनार हायस? जा. वर्ष फुकट घालवू नको."

पोरीला तिनंच घालवलं. घरात वादळाची माहिती असलेलं एकुलतं एक माणूस तिनं स्वतःच्या तोंडानं दाराबाहेर काढलं. हे नंतर तिला हजारदा आठवणार होतं.

दिवसभर ती एकटी. फोन लागत नव्हता. 'आप जिस व्यक्ति को' म्हणणारी ती बाई शंभर वेळा तेच बोलली. कुमुदिनीनं घरातले सगळे डबे काढले, पुसले, परत लावले. डोक्यावरचा पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज त्या किंकाळीसारखा वाटायचा. दुपारी जनी आमटी घेऊन आली. ती आमटी तशीच झाकून राहिली.

पुराचं तिला नवं नव्हतं. नदी ह्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन हजार पाचला लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, जयदेव मांडीएवढा. पाणी खिडकीच्या वर चढलं तसं सासूनं सगळ्यांना पोटमाळ्यावर चढवलं. रात्रभर अंधारात, खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज. सकाळी पाऊस थांबला, पाणी उतरायला लागलं. गल्लीतली बाकीची माणसं वरच बसून देवाचं नाव घेत होती. सासू मात्र पदर खोचून, खराटा घेऊन खाली उतरली, पाणी कमरेएवढं असताना. कुमुदिनीलाही तिनं ओढलं. "उतरत्या पान्याबरोबर चिखल भायेर लोटायचा, पोरी. नदीनंच आनलाय, नदीच नेईल. पानी गेल्यावर बसशील तर म्हैनाभर खरवडशील." आणि तसंच झालं. त्यांचं घर दोन दिवसांत राहतं झालं. बाकीच्यांनी वाळलेला चिखल कुदळीनं काढला. पुढं एकोणीसला, मग एकवीसला, दोन्ही पुरांत कुमुदिनीच गल्लीला हाका मारून उठवायची. पाऊस थांबला रे थांबला की उतरा! तिचा शब्द पुराच्या बाबतीत शेवटचा. ह्या एका गोष्टीत तिला कुणी अडाणी म्हणत नव्हतं.

चार वाजायला पाच मिनिटं असताना फोन वाजला.

"आई!" जयदेव. आवाज तुटत होता पण त्याचाच. "आई, थांबलं!"

ती उंबऱ्यावर बसली. "जिता हायस ना रं?"

"आहे, आहे. दोघंपण. बाथरूममध्ये बसलेलो रात्रभर. आता एकदम शांत झालं. वारा नाय काय नाय. उजाडतंय. वर आभाळ दिसतंय, आई, एक नंबर निळं. पक्षी कुठून आलेत काय माहीत, रस्त्यावर बसलेत नुसते."

"दुकान?"

"खाली समुद्र शिरलाय. पोटऱ्यांइतकं पाणी, वाळू, चिखल. सगळा माल त्यात."

"पानी चढतंय का उतरतंय?"

"उतरतंय. मागं चाललंय."

"मंग वर बसून काय करतंस?" तिचा आवाज आपोआप वाढला, पुराच्या सकाळी गल्लीत वाढायचा तसा. "हीच येल हाय. खालती जा, शटर उघड, उतरत्या पान्याबरोबर चिखल भायेर लोट. माल उचलून वर घे. नायतर तो मेला तुमच्याच नावानं बोंबलेल."

पलीकडं भूपेशचा आवाज आला. काहीतरी बोलत होता. जयदेव म्हणाला, "भूपेश बोलतोय जरा थांबूया. रेडिओवर काहीतरी सांगत होते, बाहेर पडू नका म्हणून. मग रेडिओ पण गेला."

"त्याला काय म्हाईत पुराचं? तिसऱ्या मजल्यावर वाढलाय तो. जा तू. त्यालापन घे. एकट्यानं व्हायचं नाय."

"बरं, जातो. आई, बॅटरी..."

फोन बंद पडला. पण आता कशाला भ्यायचं? कुमुदिनीनं डोळे पुसले. जनीला हाक मारून सांगितलं. आमटी गरम करून भातावर ओतून घेतली आणि दिवसभरात पहिल्यांदा घास घशाखाली उतरला. तेवढ्यात चिमीचा फोन. दोघी भेटलेल्या एकदाच, पोरांना विमानतळावर सोडायला, पण गेल्या चार दिवसांत दिवसातून तीनदा बोलणं व्हायचं.

"बहनजी, कुछ पता पड़ा?"

"पड्या ना! आत्ताच बोल्या जयदेव. दोनो अच्छे है. तूफान खतम हो गया."

पलीकडं चिमी रडायलाच लागली. मग हसली. "तेरे मुँह में घी-शक्कर, बहन. मेरे को तो उसका फोन ही नहीं लगता. मैं अभी झूलेलाल के सामने दिया लगाती."

"लगाव, लगाव."

पाच वाजता तेजल आली. तिनं चपलाही काढल्या नाहीत. कुमुदिनीनं हसत हसत सगळं सांगितलं. थांबलं, आभाळ निळं, पक्षी, आणि मी सांगितलं बघ त्याला, खाली उतर म्हणून. तेजलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो कुमुदिनीच्या लक्षात आला, पण ती बोलतच राहिली, कारण थांबली असती तर विचारावं लागलं असतं.

"किती वाजता बोलला?"

"चारला. का गं?"

तेजलनं मोबाइल काढला. तोच पांढरा भोवरा. आणि मधलं ते भोक, चारच्या चित्रात बरोबर बेटावर बसलेलं.

"आई, हे भोक आहे ना, हे बेटावरून जातं तेव्हा आत सगळं शांत असतं. ऊनसुद्धा पडतं. अर्धा तास. मग दुसरी बाजू येते. तेवढीच. उलट्या दिशेनं. ते संपलं नव्हतं गं. ते अर्धं होतं."

कुमुदिनीला आधी कळलं नाही. नदीला दुसरी बाजू नसते. पाऊस थांबला की थांबला, पाणी उतरलं की उतरलं. वीस वर्षांचं तिचं शहाणपण मोबाइलच्या त्या तीन बोटांच्या काचेवर पालथं पडलेलं. मग कळलं. तिनं फोन हिसकावला आणि जयदेवचा नंबर लावला. पुन्हा लावला. 'आप जिस व्यक्ति को'. तिनं फोन भिंतीवर आपटायला उचलला आणि तेजलनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मी धाडलं त्याला," ती म्हणाली. "वर बसला व्हता चांगला. मी खाली धाडलं. शटर उघड बोलले मी."

राजेंद्र आला. त्यानं ऐकून घेतलं. तो तिला एक शब्द बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

आणि तेवढ्यात चिमीचा फोन आला. कुमुदिनी त्या नावाकडं बघत राहिली. वाजून वाजून थांबला. परत वाजला. त्या रात्री अकरा वेळा. जी बाई पहिल्या हाकेला ओ द्यायची, तिनं फोन उशीखाली घातला आणि वर स्वतः डोकं ठेवलं, तरी तो कानाखाली थरथरत होता. चिमी अजून दिवा लावून बसली असेल. भूपेश नको म्हणत होता. कुमुदिनीनं कूस बदलली. भूपेश नको म्हणत होता.

दुसरा दिवस असाच. बेटावर वीज नाही, टॉवर नाही, विमान नाही. तेजलनं कुठून कुठून व्हिडिओ शोधले. छप्परं नसलेली घरं, झाडावर टांगलेली होडी, एका हॉटेलच्या तलावात मोटारगाडी. प्रत्येक व्हिडिओत कुमुदिनी माणसं बघायची. चालणारी माणसं बघून घ्यायची, आणि पडलेली दिसली की डोळे मिटून तेजलला विचारायची, "उंच हाय का? शर्ट कंचा?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तेजल म्हणाली, "मार्सेला उत्तरेला गेली. तिकडं पाणी थंड आहे. आता नुसता पाऊस उरलाय. संध्याकाळपर्यंत नकाशावरून काढून टाकतील."

म्हणजे ती मेली. जन्मली, तेरा दिवस जगली, पोटभर खाल्लं आणि थंड पाण्यात जाऊन मेली. तिला कुणी विचारणार नाही. कुमुदिनीनं साडी बदलली. "रिक्षा काढा," ती राजेंद्रला म्हणाली. "कॅम्पात जायचंय. शेठकडं."

दुकान उघडलेलं. शेठ गादीवर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. दिवाळीच्या मालाची चर्चा चाललेली. खुर्चीवर चिमी बसलेली होती, सकाळपासून. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. कुमुदिनीला बघून ती उठली आणि काही न बोलता तिचा हात धरून बाजूला बसवलं. फोन का उचलला नाहीस, हे तिनं विचारलं नाही. ते न विचारणं कुमुदिनीला झोंबलं.

शेठनं फोन ठेवला. "भाभी, टेन्शन नहीं लेने का. साले से बात हुई. बोलता है, बिल्डिंग खड़ी है. माल का इन्शुरन्स है पूरा."

"आनि पोरांचा?" कुमुदिनी म्हणाली.

"क्या?"

"मालाचा इन्शुरन्स हाय. मग मालाला राखायला मानसं क्याला ठेवली? भिजला तरी तुला पैसे, उडाला तरी तुला पैसे. मग माजा पोरगा कंचा चोर धरनार व्हता त्या वादलात? सांग ना! तुज्या साल्यानं कुत्रा नेला विमानातून, कुत्रा!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेठचं तोंड लाल झालं. "आवाज नीचे करो. धंदे का टाइम है." राजेंद्र पुढं झाला. त्यानं शेठची कॉलर धरली नाही. नुसता गादीच्या कडेला, पांढऱ्या चादरीवर, चपलेसकट पाय ठेवून उभा राहिला. शेठ मागं सरकला.

आणि कुमुदिनीचा फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर.

"आई."

ती उभी होती ती तशीच खाली बसली. दुकानाच्या फरशीवर.

"आई, मदतीला आलेल्या सैनिकांचा फोन आहे, दोन मिनिटं दिलीत. मी ठीक आहे. हात मोडलाय. ठीक आहे मी."

चिमी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती. कुमुदिनीच्या तोंडाकडं बघून तिला कळलं, आणि तिनं दोन्ही हात वर करून कपाळाला लावले. तिचे ओठ हलत होते, 'शुकुर, शुकुर'.

"भूपेश?" कुमुदिनीनं विचारलं. एवढंच.

पलीकडं जयदेव रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, श्वास अडकत अडकत. "आम्ही शटर उघडलं. तो बाहेर होता, वायपर घेऊन. मी आत खोके उचलत होतो. एकदम आलं, आई. काही वेळच नाही दिला. शटरच गेलं. मी जिन्याला धरलं. काल सापडला तो. बोटींच्या खाली. तो नको बोलत होता. मीच ओढला त्याला. त्याच्या आईला नको सांगूस हं. वादळात गेला सांग. सगळे तेच बोलतायत. आई, नको सांगूस."

फोन कापला गेला.

खोटं बोलायला सगळी सोय होती. वादळात गेला हे खोटंही नव्हतं. शेठ तेच म्हणाला असता, मेव्हणा तेच म्हणाला असता. बेटावरच्या कागदावर तेच लिहिलं असणार. ह्या जगात पासपोर्ट कपाटात घालणारे, कुत्रा घेऊन उडणारे, गादीवर बसून धीर देणारे, सगळे त्या एका शब्दामागं लपणार होते, वादळ. तिथं तिलाही जागा होती. कुणी सरकून करून दिली असती.

चिमीनं तिला मिठी मारली होती. "तेरा ठीक है ना? ठीक है ना तेरा?" ती विचारत होती. स्वतःच्या पोराचं विचारायला ती भीत होती, म्हणून आधी दुसरीच्या पोराचं विचारत होती.

ह्या तेरा दिवसांत ती जेवढी भ्याली नव्हती, तेवढी आता ह्या बाईच्या हातांना भीत होती. तरी तिनं ते हात सोडवले नाहीत.

"चिमीबहन," ती म्हणाली, "भूपेश गया."

कुमुदिनी थांबली नाही.

"मैंने भेजा उसकू. वो ऊपर था, अच्छा था. मेरेकू लगा तूफान खतम हुआ. हमारे नदी का जैसा होता, वैसा लगा मेरेकू. मैंने बोला, नीचे उतरो, चिखल निकालो. भूपेश नको बोलता था. मेरे बोलने से गया वो. मेरे बोलने से. और मैंने तेरेकू बोला, दिया लगा."

शेठ गादीवरून अर्धवट उठला होता. "भाभी, ये सब अभी..." राजेंद्रनं त्याच्याकडं बघितलं आणि तो खाली बसला.

चिमीचे हात कुमुदिनीच्या पाठीवर होते तिथंच राहिले. ना घट्ट झाले, ना सुटले. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते, कुणीतरी हातगाडी ढकलत 'साइड, साइड' ओरडत गेलं. चिमीनं तोंड उचललं. डोळे कोरडे होते.

"नीचे जाने के पहले," तिनं विचारलं, "कुछ खाया था उसने?"

कुमुदिनीला माहीत नव्हतं. चारच्या फोनवर तिनं दुकान विचारलं होतं, पाणी चढतंय का उतरतंय ते विचारलं होतं.